आभाळ बंद आहे

आज बचत, व्याज, कर्जाचा हप्ता यातलं काही काढणार नाही. आज विमानाबद्दल बोलायचं आहे. हसू नका. आधी ऐकून घ्या.

मागच्या हिवाळ्यात आमच्या गटातल्या एका आक्कांच्या धाकट्या लेकीचं लग्न होतं. थोरला लेक फौजेत, लेहला. सुट्टी मंजूर झालेली, सामान बांधून तयार. हळदीच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला, "आई, आभाळ बंद आहे. विमान आलंच नाही." दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. अक्षता पडल्या, कानपिळ्याचा मान चुलतभावाला द्यावा लागला. मांडवात कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं सुट्टीच मिळाली नसेल, पोरगं खोटं बोलतंय. कुणी म्हणालं, बहिणीचं स्थळ त्याच्या मनात नव्हतं. आक्का सगळं ऐकत होत्या. पाहुणे गेल्यावर त्यांनी आम्हाला विचारलं, "आभाळ बंद म्हणजे काय गं? आभाळाला काय कुलूप लागतंय?"

आम्हाला उत्तर देता आलं नाही. आम्ही माणदेशातल्या बाया. आमचं आभाळ कधी बंदच होत नाही, हीच तर आमची वर्षानुवर्षांची तक्रार. ढग यावा म्हणून आम्ही देव पाण्यात घालतो, आणि तिकडे ढग जावा म्हणून आक्कांचा लेक चार दिवस पिशवी उशाला घेऊन बसलेला.

तसं वाट पाहणं आपल्याला नवीन नाही. विटा, खानापूर, आटपाडीकडचे गलाईवाले सोनं-चांदी गाळायला देशभर पसरले. माण-खटावचे मुंबईला गेले, नाहीतर फौजेत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या एका गावातले ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. त्यांच्या घरच्या बायकांनी किती वर्षं वाटेकडे डोळे लावले असतील, त्याचा हिशेब कुठे नाही. पण एसटी चुकली, गाडीला उशीर झाला, हे आपल्याला समजतं. विमान कशासाठी अडतं ते आपल्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. म्हणून गावातल्या एका निवृत्त सुभेदारांना आम्ही गटाच्या बैठकीला बोलावलं. कॉलेजला जाणाऱ्या मुलींनी पुस्तकं धुंडाळली. त्यातून जे हाती लागलं ते सांगतो.

सुभेदारांनी ओसरीवर तीन गोणपाटं चुरगाळून ओळीनं ठेवली. "हा पीर पंजाल, हा मोठा हिमालय, ही जंस्करची रांग." पलीकडे एक चिंचोका ठेवला. "हे लेह." मग म्हणाले, पावसाचे ढग अलीकडून येतात, या डोंगरांवर रिकामे होतात, पलीकडे काही उरत नाही. हे ऐकल्यावर एक आजी पटकन म्हणाल्या, "म्हणजे आपला माणदेशच की!" अगदी बरोबर. महाबळेश्वरला धो धो कोसळणारा पाऊस आपल्यापर्यंत येईतो संपतो, तसंच लडाखचं. लेहला वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे माणच्याही कितीतरी कमी. फरक उंचीचा. आपल्या महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर. लेहची धावपट्टीच ३२५६ मीटरवर आहे. कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली तर तिच्या टोकाला ही धावपट्टी येईल.

लेहला पहिलं विमान उतरलं ते १९४८ साली. त्याआधीच्या ऑक्टोबरात काश्मीरवर हल्ला झाला होता. श्रीनगर वाचलं, पण हल्लेखोर लडाखकडे सरकत होते. लेहमध्ये शिबंदी अगदी थोडी. श्रीनगरहून लेहला जायला एकच वाट, जोजी ला खिंडीतून. ला म्हणजे खिंड. हिवाळ्यात ती बर्फानं बुजते. अशा भर हिवाळ्यात, फेब्रुवारीत, मेजर पृथी चंद नावाचा लाहौलचा अधिकारी चाळीसएक माणसं घेऊन पायी निघाला. बर्फ कोसळण्याची भीती असलेल्या खिंडीतून दारूगोळा वाहून नेत ती माणसं मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात लेहला पोहोचली. त्यांच्यात सोनम नोरबू नावाचे लडाखी इंजिनिअर होते. त्यांनी सिंधू नदीच्या काठी, गावातली माणसं हाताशी धरून, महिन्याच्या आत मातीची धावपट्टी केली. यंत्रं नव्हती. दगड वेचायचे आणि जमीन सारखी करायची. रोजगार हमीवर ज्यांनी हातानं रस्ते केलेत, त्यांना हे काम काय असतं ते सांगायला नको. आमच्या मते त्या सगळ्या लढाईत या कामाचं नाव मागे पडलं. विमानं उतरवणाऱ्यांना पदकं मिळाली, ती मिळायलाच हवीत, पण उतरायला जागा कुणी केली ते किती जणांना माहीत आहे?

धावपट्टी झाली, पण तिथे विमान न्यायचं कुणी? त्या काळी वाहतुकीला डाकोटा नावाचं दोन पंख्यांचं विमान होतं. दोनएक डझन माणसं बसतील एवढं. आजच्या विमानात आत हवा दाबून भरलेली असते, तशी सोय त्यात नव्हती. पंखावर बर्फ धरलं तर ते काढायची सोय नव्हती. वाटेचे धड नकाशे नव्हते. वाटेत २० हजार फुटांवरची शिखरं, आणि तिथून आजवर कुणी गेलेलं नाही. २४ मे १९४८ ला हवाई दलाचे एअर कमोडोर मेहर सिंग स्वतः डाकोटा घेऊन निघाले. त्या भागातल्या फौजेचे प्रमुख जनरल थिमय्या त्यांच्यासोबत बसले. प्राणवायूच्या नळ्या लावून, डोंगरांच्या वरून, नदीच्या दरीचा माग काढत ते लेहला पोहोचले आणि त्या मातीच्या पट्टीवर उतरले. पुढच्या काही दिवसांत गुरखा पलटणीचे जवान विमानांनी लेहला पोहोचले आणि लेह वाचलं. पुढे नोव्हेंबरात जोजी ला जिंकली, कारगिल घेतलं, तेव्हा जमिनीवरची वाट मोकळी झाली.

या उतरण्याची एक गोष्ट सांगतात. म्हणे लडाखी लोकांनी विमान पाहिलं आणि त्याला खायला गवत आणून टाकलं. सुभेदारांनी ही गोष्ट हसत हसत सांगितली, पण आम्हाला काही ती पटली नाही. ज्यांनी आदल्याच महिन्यात स्वतःच्या हातांनी त्या यंत्रासाठी जमीन सारखी केली, त्यांना ते यंत्र आहे हे कळत नव्हतं? खेड्यातल्या माणसांबद्दल अशा गोष्टी शहरात आवडीनं रंगवतात. आपल्याबद्दलही रंगवलेल्या आपण ऐकल्यात.

मेहर सिंगांचं पुढे काय झालं, हे आक्कांनीच विचारलं. त्यांना महावीर चक्र मिळालं. मग ते निवृत्त झाले. मार्च १९५२ मध्ये जम्मूहून दिल्लीकडे एक छोटं विमान घेऊन येत असताना वादळात सापडले आणि गेले. बैठक थोडा वेळ गप्प झाली. जो माणूस नकाशा नसताना हिमालय ओलांडून गेला, तो सपाटीवर वादळात गेला. एक वहिनी म्हणाल्या, "एवढ्या जाणत्याला वादळ दिसलं नसेल?" सुभेदार म्हणाले, "दिसलं असेल. पण वादळ केवढं आहे ते आत शिरल्यावर कळतं."

आता आभाळ बंद कसं होतं ते सांगतो. इथे आम्ही जरा वेळ घेणार आहोत, कारण आक्कांचा प्रश्न हाच होता.

उंचावर हवा विरळ असते. लेहला कुकरशिवाय डाळ धड शिजत नाही, कारण पाणी १०० अंशांच्या आधीच, ९० च्या आसपास उकळतं. हीच विरळ हवा विमानाच्या पंखाखाली असते. पंख हवेवर रेलून विमानाला उचलतो. हवा विरळ, तर आधार कमी. म्हणून तिथे विमानाला धावपट्टीवर जास्त जोरानं, जास्त लांब धावावं लागतं आणि ओझं कमी घ्यावं लागतं. ऊन चढलं की हवा तापते, आणखी विरळ होते. शिवाय दुपारी दरीतून वारं सुटतं. म्हणून लेहची विमानं सकाळची. सकाळ हुकली की तो दिवस गेला. आक्कांचा लेक रोज पहाटे विमानतळावर जाऊन दुपारी परत बराकीत येत होता, ते यामुळे.

मग वारं. चाळकेवाडीच्या, ढालगावच्या पवनचक्क्या आपण पाहिल्यात. त्या डोंगराच्या माथ्यावर का लावतात? वारं डोंगराला धडकून वर चढतं, माथ्यावर त्याचा जोर वाढतो. पण माथा ओलांडला की तेच वारं पलीकडे खाली कोसळतं. आपल्याकडे डोंगर हजारभर मीटरचे, तरी माथ्यावर उभं राहवत नाही. तिकडे सहा-सात हजार मीटरचे. खाली कोसळणाऱ्या वाऱ्यात विमान सापडलं तर ते हलकं असो की जड, वाऱ्याबरोबर खाली ओढलं जातं, आणि खाली डोंगर असतो.

आणि ढग. लेहला उतरायचं तर वैमानिकाला डोळ्यांनी डोंगर दिसावे लागतात. दरी अरुंद आहे. एका बाजूनं उतरायचं आणि उडताना त्याच बाजूला बाहेर पडायचं, कारण दुसऱ्या बाजूला जमीन चढत जाते. एकदा खोल दरीत शिरलं की वळायला जागा राहत नाही. म्हणून परत फिरायचं ते कुठून, हे जमिनीवर असतानाच ठरवून घेतात. तिथवर गेल्यावर समोर ढग असला तर फिरायचं. उतरायला पाच मिनिटं उरलेली असली तरी फिरायचं. हिवाळ्यात पश्चिमेकडून वादळं येतात, एकामागोमाग एक, आणि खिंडी दिवसेंदिवस ढगात राहतात. त्याला फौजी म्हणतो, आभाळ बंद आहे.

लेहपर्यंत रस्ता झाला साठच्या दशकात. तोही हिवाळ्यात बर्फाखाली जातो. त्यामुळे भाजीपासून औषधापर्यंत आणि पत्रापासून सुट्टीच्या जवानापर्यंत, हिवाळ्यात सगळा भार विमानावर. पुढे विमानं लेहच्याही पलीकडे गेली. २३ जुलै १९६२ ला स्क्वाड्रन लीडर राजे यांनी दौलत बेग ओल्डी इथे विमान उतरवलं. राजे हे नाव ऐकून आमच्या बायकांचे कान टवकारले. ती जागा १६ हजार ६०० फुटांवर आहे, म्हणजे लेहपेक्षाही सहा हजार फूट उंच. काही वर्षांनी ती पट्टी बंद पडली, ती २००८ साली पुन्हा सुरू झाली.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती सांगावी की नाही, यावर आमच्यात वाद झाला. आक्का समोर बसलेल्या. पण त्याच म्हणाल्या, सांगा.

७ फेब्रुवारी १९६८. चंडीगडहून लेहला एक मोठं वाहतुकीचं विमान निघालं. आत १०२ माणसं, बहुतेक जवान, सुट्टीवरून किंवा बदलीवर ड्युटीला निघालेले. लेहजवळ पोहोचल्यावर हवामान बिघडलं. वैमानिकानं करायला हवं तेच केलं, विमान परत फिरवलं. परतीच्या वाटेवर, रोहतांगच्या आसपास, बोलणं तुटलं. त्यानंतर ३५ वर्षं ना विमान सापडलं ना माणूस. २००३ साली गिर्यारोहण शिकणाऱ्यांच्या एका तुकडीला लाहौलच्या हिमनदीवर अवशेष दिसले. नंतरच्या मोहिमांमध्ये काही मृतदेह मिळाले. २०२४ च्या सप्टेंबरअखेर आणखी चार जणांचे देह बर्फातून बाहेर आले, ५६ वर्षांनी. बर्फ खाली सरकतो आणि आतलं हळूहळू वर देतो.

आम्ही हिशेब करत बसलो. १९६८ मध्ये विशीत असलेली एखादी बाई २०२४ ला ऐंशीच्या घरात असणार. तिनं कुंकू पुसायचं की ठेवायचं? श्राद्ध घालायचं तर कुठल्या तिथीला? पेन्शनच्या कागदावर काय लिहायचं? गटात कागदपत्रं करून करून आम्हाला ठाऊक आहे, मृत्यूच्या दाखल्याशिवाय बाईचं एकही काम पुढे सरकत नाही. पुस्तकांत विमानाचं नाव आहे, वजन आहे, इंजिनं किती ते आहे. त्या बायकांनी ५६ वर्षं कशी काढली, ते कुणी लिहिलेलं आम्हाला सापडलं नाही.

आणि हे फार लांबचंही नाही. ३ फेब्रुवारी २०१६ ला सियाचीनवर, साडेएकोणीस हजार फुटांवरच्या ठाण्यावर हिमकडा कोसळला आणि दहा जवान त्याखाली गेले. त्यातला एक आपल्या सातारा जिल्ह्यातला, माण तालुक्यातला. सहा दिवसांनी त्यांच्यातला एक, कर्नाटकचा लान्स नायक हनुमंतप्पा, बर्फाखाली जिवंत सापडला, तेव्हा इकडेही आशा लागली होती. तोही ११ तारखेला दिल्लीत गेला. बाकीच्या नऊ जणांचे देह सापडले, पण आणायचे कसे? हेलिकॉप्टर उडायला हवामान हवं. आभाळ बंद. दिवसामागून दिवस गेले. इकडे अख्खं गाव चुली न पेटवता बसलेलं, माणसं रस्त्यावर. आमच्यातल्या काही जणी तेव्हा तिथे गेल्या होत्या. तेव्हा एक पुढारी मोठ्या आवाजात म्हणत होते, "सरकार काय झोपलंय का?" आम्हालाही तेव्हा तसंच वाटलं होतं. आज वाटतं, त्या वेळी कुणीतरी त्या माउलीजवळ बसून सांगायला हवं होतं, की बाई, वर ढग आहे, खिंड दिसत नाही, उडवलं तर आणखी दोन पोरं जातील. दुःख काही हलकं झालं नसतं. पण टाकून दिलं असं तरी वाटलं नसतं.

आमच्या बैठकीत अकरावीतली एक मुलगी बसली होती. तिनं विचारलं, तिकडे बाई विमान उडवते का? उडवते. हवाई दलानं १९९४ पासून बायकांना वैमानिक म्हणून घेतलं. १९९९ च्या कारगिल युद्धात गुंजन सक्सेना आणि श्रीविद्या राजन या दोघी चीता नावाचं लहानसं हेलिकॉप्टर घेऊन द्रास-बटालिकच्या डोंगरात जात होत्या. सामान पोहोचवायचं, जखमी जवान खाली आणायचे. त्या जखमींतल्या कुणाची आई आपल्या आसपास राहत असेलही.

आणि खरंच लहान विमान म्हणाल तर ते मुंबईच्या आरोही पंडितचं. मे २०१९ मध्ये, तेविशीच्या आत-बाहेरची ही मुलगी एकटी, एका इंजिनाच्या विमानातून अटलांटिक महासागर ओलांडून गेली. विमानाचं नाव माही. वजन चारशे किलोंच्या आसपास, म्हणजे आपल्या एका चांगल्या म्हशीएवढं. स्कॉटलंडहून निघाली, आइसलंडला थांबली, ग्रीनलंडला थांबली आणि कॅनडाच्या उत्तर टोकाकडच्या इकालुइट गावी उतरली. सुमारे तीन हजार किलोमीटर. मध्ये ग्रीनलंडचं बर्फाचं पठार, जिथे खाली उतरायला गाव नाही, झाड नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती अलास्काहून समुद्रावरून रशियात पोहोचली. मोटरसायकलवरून बाजाराला जाणाऱ्या पोरीला आपल्याकडे अजून नावं ठेवतात, हे या ठिकाणी आठवलं, म्हणून सांगितलं. त्या मुलीनं, म्हणजे आमच्या अकरावीवालीनं, वहीत इकालुइट हे नाव लिहून घेतलं आणि आम्हाला दोनदा उच्चारायला लावलं.

आक्कांना वाटलं होतं, एवढी मोठी विमानं, एवढी यंत्रं, आता काय अडचण? आमचंही तसंच होतं. १९४८ च्या मानानं आज पुष्कळ सोयी आहेत. यंत्रावर ढग दिसतात, वाऱ्याचा अंदाज कळतो. पण त्या यंत्रांमुळे झालं काय, तर उडायचं नाही हे आधी कळतं. खिंड आहे तिथेच आहे.

लग्नानंतर चौथ्या दिवशी, पहाटे साडेपाचला आक्कांचा फोन वाजला. आक्का गोठ्यात होत्या, सुनेनं फोन नेऊन कानाला लावला. लेक म्हणाला, "आई, आभाळ उघडलंय. डोंगर दिसायला लागलेत." आक्कांनी विचारलं, "वारं?" पलीकडे तो जरा थांबला. आईनं वाऱ्याचं विचारावं, हे त्याला नवीन होतं. "नाही गं, शांत आहे."

"मग ये सावकाश," म्हणाल्या, आणि धार काढायला बसल्या.